भरलेलं भांडं की ठरलेली वेळ?

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये त्याच्या खाण्यावरून दोन पंथ आहेत. एका पंथाच्या घरात कोरड्या खाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं असतं. कुत्रा येता-जाता तोंड घालतो आणि तळ दिसू लागला की घरातलं कुणीतरी पुन्हा ओततं. दुसऱ्या पंथात सकाळ-संध्याकाळ मोजून वाढतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडं उचलून ठेवतात. पहिल्यांना हे दुसरे लोक फार कडक वाटतात. दुसऱ्यांना पहिले निष्काळजी.

या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. कुत्र्याने किती खावं हा एक, आणि केव्हा खावं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. दुसऱ्याचं नाही, आणि ते छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं थोडं जपूनच ऐकावं.

भरलेल्या भांड्यामागे एक गृहीतक असतं: पोट भरलं की जनावर आपोआप थांबतं. काही कुत्रे थांबतातही. पण सगळ्यांकडून ही अपेक्षा करायची तर त्यांच्या पूर्वजांकडे बघायला हवं. लांडग्यांचा कळप मोठं जनावर पाडतो तेव्हा एकेक लांडगा एका बैठकीत आठ-नऊ किलो मांस पोटात घालू शकतो आणि मग काही दिवस त्याला काहीच मिळत नाही. मिळालं की खाऊन घ्यायचं, कारण पुढचं कधी मिळेल याची खात्री नाही, असा तो हिशोब. मांजराचं उलट आहे. उंदरासारखी बारकी शिकार दिवसातून अनेकदा करणारं ते जनावर. समोर भांडं ठेवलं तर दिवसा-रात्री मिळून दहा-बारा वेळा थोडं थोडं खातं. त्यामुळे भरलेलं भांडं मांजराच्या खाण्याच्या तऱ्हेशी निदान जुळतं तरी.

अर्थात कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. 2013 साली कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकसंचांची तुलना झाली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या आसऱ्याने राहिल्याची ही खूण. म्हणून ‘लांडगा असं खातो, तेव्हा कुत्र्यालाही तसंच द्या’ हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. पचनशक्ती बदलली. समोर आलेलं सोडायचं नाही ही वृत्ती मात्र बऱ्याच कुत्र्यांत तशीच राहिली.

काही कुत्र्यांत तर ती जनुकातच आणखी पक्की झाली आहे. लॅब्राडोर खादाड असतात हे कुणाला नव्याने सांगायला नको. 2016 साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं एक कारण शोधून काढलं: पीओएमसी नावाच्या जनुकातला डीएनएच्या 14 अक्षरांचा तुकडा साधारण दर चार लॅब्राडोरमागे एकात गळालेला असतो. पोट भरल्याचा संदेश मेंदूत पोचवणारी काही रसायनं याच जनुकापासून तयार होतात. तुकडा गळाला की संदेश अडखळतो. 2024 मधल्या पुढच्या अभ्यासात दुसरी बाजू समोर आली. हा बदल असलेल्या कुत्र्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. भूक जास्त आणि खर्च कमी, असा दुहेरी मार. अशा कुत्र्यासमोर भांडं कायम भरून ठेवायचं आणि त्याने संयम पाळावा म्हणायचं, यात दोष कुत्र्याचा नाही. नसबंदीनंतर कुठल्याही जातीच्या कुत्र्यात याची सौम्य आवृत्ती दिसते. ऊर्जेची गरज उतरते, भूक वाढते आणि भांड्यातलं माप मात्र पूर्वीचंच राहतं.

जास्त खाल्ल्याने नेमकं किती बिघडतं? याचं सर्वांत बोलकं उत्तर 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं द्यायचं आणि हे आयुष्यभर चालवायचं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 13 वर्षं निघालं, दुसऱ्याचं 11.2 वर्षं. सांधेदुखीवर उपचार घेण्याची वेळही कमी खाणाऱ्यांवर बरीच उशिरा आली. इथे एक तपशील सहसा सांगायचा राहून जातो. जास्त खाणारे कुत्रे काही गोलमटोल नव्हते. रस्त्यात दिसले असते तर बहुतेकांनी ‘छान भरलेला आहे’ असंच म्हटलं असतं. तेवढ्या ‘छान’पणाची किंमत जवळपास दोन वर्षं.

पण हा प्रयोग मापाचा होता, वेळेचा नव्हता. ठरलेल्या वेळी खायला घातल्याने कुत्रा जास्त जगतो, असं त्यावरून म्हणता येत नाही. दिवसाचं खाणं सकाळी मोजून एकदाच भांड्यात टाकलं आणि संपल्यावर पुन्हा ओतलं नाही, तर कुत्रा ते चार वेळा खावो की आठ वेळा, वजनाचा प्रश्न बराचसा सुटतो. भरलेल्या भांड्याचा खरा घात पुन्हा पुन्हा ओतण्यात आहे. घरात तीन माणसं असली आणि तिघेही तळ दिसला की ओतत असले, तर दिवसभरात किती गेलं हे तिघांपैकी कुणीच सांगू शकत नाही.

आता वेळेचं. शरीराला जेवणाची वेळ कळते, ही गोष्ट प्राण्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वीच नोंदली गेली. रोज एकाच वेळी खाणं मिळणारे उंदीर त्या वेळेच्या आधीच हालचाल वाढवतात. मेंदूतलं दिवस-रात्रीचं मुख्य घड्याळ निकामी केलं तरी ही पूर्वतयारी टिकते, म्हणजे जेवणाचं घड्याळ काही प्रमाणात वेगळं चालतं. कुत्र्यांच्या बाबतीत रशियन शास्त्रज्ञ इवान पाव्लोव्ह यांचं नाव घेतलं की लोकांना घंटा आणि तिच्या आवाजाने लाळ गाळणारे कुत्रे आठवतात. पण 1904 चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्या प्रयोगांत कुत्र्याने गिळलेलं अन्न जठरात पोचतच नसे, अन्ननलिकेतून बाहेर पडे. तरीही जठरात पाचकरस पाझरू लागे. तोंडात घास जाताच मेंदू पोटाला तयारीचा निरोप धाडत होता. वेळ ठरलेली असली की ही तयारी अन्न समोर येण्याआधीच सुरू होते, आणि ठरल्या वेळी कुत्रा भांड्याकडे डोळे लावून बसतो.

हे सगळं रंजक आहे. त्यातून आरोग्याचा मोठा फायदा सिद्ध होतो का? इथे पुरावा एकमेकांच्या विरुद्ध ओढतो. अमेरिकेतल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ने 24 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून 2022 साली सांगितलं की दिवसातून एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांत पचन, दात, सांधे, मूत्रपिंड, यकृत अशा अनेक प्रकारच्या तक्रारी कमी आढळल्या. वाचून कुणालाही उद्यापासून संध्याकाळचं खाणं बंद करावंसं वाटेल. थोडं थांबा. ही माहिती मालकांनी भरून दिलेली होती आणि एका वेळचं चित्र दाखवणारी होती. आजारी कुत्र्याला पशुवैद्य बहुधा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायला सांगतात. मग जास्त वेळा खाल्ल्याने आजार झाला, की आजारामुळे खाण्याच्या वेळा वाढल्या? असल्या माहितीवरून हे ठरवता येत नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

दुसरीकडे, मोठ्या आणि खोल छातीच्या जातींवर पर्ड्यू विद्यापीठात झालेलं काम आहे. ग्रेट डेनसारख्या कुत्र्यांचं जठर कधी कधी वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ खातं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. पोट टम्म, कुत्रा अस्वस्थ, सारख्या ओकाऱ्या पण बाहेर काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता ताबडतोब दवाखाना गाठायचा. दिवसाचं सगळं खाणं एकाच वेळी मोठ्या प्रमाणात देणं आणि भराभर गिळणं, या दोन्हींमुळे हा धोका वाढतो असं त्या कामात दिसलं. उंचावर ठेवलेल्या भांड्याने धोका कमी होतो असा समज होता. 2000 सालच्या निष्कर्षात धोका उलट वाढलेला आढळला.

शिवाय काही कुत्र्यांना पोट फार वेळ रिकामं राहिलं की पहाटे पिवळसर, फेसाळ उलटी होते. त्यांना रात्री झोपण्याआधी थोडं दिलं की पुष्कळदा ती थांबते. हे सगळं एकत्र ठेवलं तर निरोगी, प्रौढ कुत्र्यासाठी दोन वेळा हा मला सर्वांत कमी जोखमीचा मार्ग वाटतो. तो काही निसर्गाचा नियम नव्हे.

माझ्या लेखी वेळेचा सर्वांत मोठा फायदा पचनातला नाहीच. तो बातमीचा आहे. कुत्रा बोलत नाही, आणि दुखणं लपवण्यात तो तरबेज असतो. भूक मंदावणं ही मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, दात अशा कितीतरी बिघाडांची पहिली खूण असते. सात वाजता भांडं ठेवलं आणि एरवी दोन मिनिटांत फस्त करणाऱ्या कुत्र्याने नुसतं हुंगून तोंड फिरवलं, तर सात वाजून दोन मिनिटांनी तुम्हाला कळतं. भांडं कायम भरलेलं असेल तर तेच कळायला दोन दिवस जातात. दोन कुत्रे एका भांड्यात खात असतील तर त्याहून जास्त, कारण एकाचा वाटा दुसरा मुकाट्याने संपवत असतो आणि भांडं रोजच्यासारखंच रिकामं होतं. एकत्र खाताना कुत्रे अधिक खातात, काही जण भांड्यावर पहारा देऊन गुरगुरतात, तो त्रास वेगळाच.

मधुमेही कुत्र्याला तर पर्यायच नाही. बहुतेकांना बारा-बारा तासांनी इन्शुलिन लागतं आणि ते खाण्याशी जोडूनच द्यावं लागतं. आधी किती खाल्लं हे माहीत नसताना सुई टोचणं धोक्याचं. पिल्लाला शी-शूची शिस्त लावतानाही ठरलेली वेळ कामी येते. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, त्यामुळे खाल्ल्यावर थोड्या वेळात पिल्लाला बाहेर न्यायचं एवढं पाळलं की निम्मं काम होतं. दिवसभर चरणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत हा अंदाजच बांधता येत नाही.

भरलेल्या भांड्याचे खरे हक्कदारही आहेत. पाजणारी कुत्री हा पहिला. दूध भरात असताना, विशेषतः पिल्लं पुष्कळ असतील तर, तिची ऊर्जेची गरज नेहमीच्या तिप्पट-चौपट होऊ शकते. तिला मोजूनमापून देणं हा अन्याय आहे. अगदी चिमुकल्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर चटकन उतरते, त्यांना दिवसातून चारेक वेळा तरी मिळायला हवं. मोठ्या जातीच्या पिल्लांना मात्र हा न्याय लावू नये. ग्रेट डेन पिल्लांना मनसोक्त खाऊ घातलं तर हाडांच्या वाढीत दोष येतात, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी 1974 सालीच दाखवून दिलं. पिल्लू झपाट्याने वाढतंय याचा आनंद तिथे जरा आवरता घ्यावा.

मग माप किती? पशुवैद्य एक सूत्र वापरतात. किलोतल्या वजनाचा 0.75 वा घात काढायचा आणि त्याला 70 ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे नुसतं पडून राहायला लागणाऱ्या किलोकॅलरी. 10 किलोच्या कुत्र्याला त्या सुमारे 394 लागतात, 20 किलोच्याला सुमारे 662. वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही, हे इथे दिसतं. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याच्या साधारण 1.6 पट धरतात. कोरड्या खाण्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 किलोकॅलरी असतात. नेमका आकडा पाकिटावर बघावा. बक्षीस म्हणून दिलेले तुकडेही याच हिशोबात धरायचे, ते वरकड नसतात.

पण सूत्र फक्त सुरुवातीपुरतं, कारण एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज पुष्कळ वेगळी असू शकते. खरा निकाल फासळ्यांवर हात फिरवून लागतो. आधी आपला एक हात पसरून दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या तितपत लागल्या तर वजन ठीक. मूठ वळल्यावर बोटांची हाडं लागतात तशा टोचल्या तर तो रोड आहे. तळव्याच्या गादीखाली हाड लपतं तशा दाबूनच सापडत असतील, तर माप कमी करायची वेळ आली.

माप घ्यायचं ते वजनकाट्यावर. कप वापरून कोरडं खाणं मोजायला सांगितलं तेव्हा काही वेळा 80 टक्क्यांपर्यंत जास्त भरलं गेलं, असं 2011 च्या एका चाचणीत आढळलं. छोट्या कुत्र्याच्या बाबतीत ही चूक म्हणजे जवळपास दुसरं जेवणच. उघड्यावर राहिलेल्या कोरड्या खाण्यातली चरबी हळूहळू खवट होते, आणि ओलं खाणं तर खोलीच्या तापमानाला तास-दोन तासांपलीकडे ठेवूच नये.

सवय बदलायची असेल तर दिवसाचं माप दोन भागांत करा, ठरल्या वेळी ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं उचला. पहिले एक-दोन दिवस कुत्रा नाक मुरडेल, भांडं परत येईल म्हणून वाट बघेल. निरोगी प्रौढ कुत्र्याने एखादं जेवण सोडलं म्हणून काही बिघडत नाही, आणि दया येऊन मधेच चविष्ट काही दिलं तर तो नवा नियम तुमच्याआधी शिकतो. पिल्लं, मधुमेही आणि आधीच आजारी असलेल्या कुत्र्यांवर मात्र हा प्रयोग पशुवैद्याला विचारल्याशिवाय करू नका. आणि निरोगी वाटणाऱ्या कुत्र्यानेही चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा सोबत उलट्या आणि मरगळ असेल, तर त्याला हट्ट समजू नका, दवाखान्यात न्या.