बालकल्याण धोरणातील आदिवासी हक्क

आदिवासी मुलाच्या संगोपनाचा आणि संरक्षणाचा निर्णय घेताना त्याची जमात, बोली, नातेगोते आणि वस्ती यांना शासनाने किती मान द्यायचा, यासंबंधीची तत्त्वे व तरतुदी. मूल उघड्यावर पडू नये, आणि त्याला सांभाळण्याच्या नावाखाली आपल्या माणसांपासून तोडलेही जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम ३० नुसार आदिवासी मुलाला स्वतःची संस्कृती आणि भाषा जपण्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याने मुलांना बळाने एका समूहातून दुसऱ्या समूहात नेण्यास मनाई केली. अमेरिकेत १९७८ पासून मूलनिवासी मुलाला आधी नातेवाइकांकडे, मग त्याच्याच जमातीत ठेवण्याचा क्रम कायद्याने ठरला आहे. आदिवासी मुले हिरावून नेल्याबद्दल ऑस्ट्रेलियाने १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली.

ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या इथले आठवायला हवे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही या कक्षेत आला. पारध्यांसारख्या जमातींनी हा शिक्का १९५२ पर्यंत वागवला. सरकारी गाडी दिसताच पालावरची आई पोराला पोटाशी धरते, त्यामागे हा इतिहास आहे.

सध्याच्या बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. तत्त्व चांगले आहे. पण राहण्याचे निश्चित ठिकाण आणि उपजीविकेचे उघड साधन नसलेले मूल याच कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. पुण्यातल्या उड्डाणपुलाखाली बिऱ्हाड मांडलेल्या फासेपारधी कुटुंबाला हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. अशा वेळी गरिबी हीच हेळसांड समजली जाण्याचा धोका फार मोठा असतो. अशा मुलाला कुठे ठेवायचे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यात एक तरी महिला असणे बंधनकारक आहे, आदिवासी सदस्य असणे नाही. मुलाला आधी त्याच्याच जमातीत ठेवावे, असा अमेरिकेसारखा क्रमही या कायद्यात नाही.

पुणे जिल्ह्यात महादेव कोळी आणि ठाकर प्रामुख्याने जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम भागात, तर कातकरी मावळ, मुळशी, भोरकडे राहतात. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी कातकरी ही एक. जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेला प्रदेश, आंबेगाव आणि जुन्नरच्या काही गावांपुरतेच आहे. मावळ-मुळशीची कातकरी वाडी त्याच्या बाहेर पडते. मग अनुसूचित क्षेत्रातल्या मुलांसाठी असलेली पोषणाची अमृत आहार योजना तिथल्या पोरांपर्यंत पोहोचत नाही. त्यात दिवाळीनंतर घरटी माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात. अंगणवाडीच्या पटावर नाव वाडीत राहते, मूल भट्टीवर असते. स्थलांतरातही शाळा सुटू नये म्हणून अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, पण नव्या गावच्या शाळेत ते दाखवायला आईबापांना एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

कारभारही विखुरलेला आहे. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यात, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. आदिवासी मुलाची घरची चौकशी करताना तिथल्या माहितीचा आधार घेणे अवघड नसावे. कायद्यानुसार ही सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी करायची असते. एवढ्या अवधीत भट्ट्यांवर पांगलेली मावशी किंवा आजी शोधायची, तर कातकरी बोली जाणणारा माणूस हाताशी लागतोच.

शासनाच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. मूल आपल्या माणसांत राहावे यासाठी हा थेट उपाय आहे. पण तिथेही कागद लागतात. जमातीच्या दाखल्यासाठी तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्या तारखेला गुन्हेगार जमाती कायदा देशातून अजून पुरता रद्द झालेला नव्हता.