गृहीतक

गृहीतक : एखादे प्रतिपादन, हिशोब किंवा चौकशी पुढे सरकावी म्हणून सिद्ध न करता मान्य केलेले विधान. संस्कृत ‘ग्रह्’ (घेणे, धरणे) या धातूपासून ‘गृहीत’ आणि त्यावरून ‘गृहीतक’ हे नाम झाले. बोलण्यात ते क्वचितच येते. तेथे ‘समजा’, ‘मानू’, ‘धरून चालू’ ही रूपे तेच काम करतात. ‘मला गृहीत धरू नकोस’ या तक्रारीतला अर्थ निराळा असून त्यात माणसाची संमती न विचारताच ती मिळाल्यासारखे वागण्याबद्दलचा राग असतो.

अंदाज, अनुमान, समज हे शब्द याच्या जवळचे असले तरी ते एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. सोलापुरातील एखादा यंत्रमागधारक टॉवेलच्या मागणीचा दर ठरवतो, तेव्हा माल तयार होईपर्यंत सुताचा भाव आहे तोच राहील, असे तो धरतो. हे गृहीतक. तो ते उघड सांगतो आणि भाव हलला तर दरही बदलेल, अशी अट घालतो. मागच्या हंगामाकडे पाहून भाव चढेल असे म्हणणे हा अंदाज. सुताच्या गाठी वेळेवर आल्या नाहीत म्हणजे वाहतूक अडली असावी, हे अनुमान. त्यामागे कारण दाखवता येते. शहराबाहेर मात्र ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरातच विणलेली असते, असे गिऱ्हाइकाला वाटते. तो समज होय. भौगोलिक निर्देशनाची नोंदणी झालेली असूनही तो पुरता खरा ठरत नाही. गृहीतक धरणाऱ्याला आपण काय धरले हे ठाऊक असते, समज बाळगणाऱ्याला नसते. प्रस्तुत नोंदीत हाच भेद प्रमाण मानला आहे.

भारतीय तर्कपरंपरेत या कल्पनेला ‘अभ्युपगम’ अशी संज्ञा आहे. न्यायसूत्रांत (न्याय या तर्कदर्शनाचा मूळ ग्रंथ; रचनाकाळ साधारणपणे इ. स. च्या पहिल्या काही शतकांतला मानतात) सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले असून अभ्युपगमसिद्धान्त हा त्यांतला चौथा. ज्याची परीक्षा झालेली नाही असे काही मान्य करून त्याच्या विशेषांची परीक्षा करणे, असे त्याचे लक्षण दिले आहे. त्यावर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेले उदाहरण नेमके आहे : शब्द (म्हणजे ध्वनी) हे द्रव्य असो, पण ते नित्य की अनित्य? येथे वादी शब्दाचे द्रव्यत्व मनापासून स्वीकारत नाही, पुढच्या प्रश्नापुरते चालू देतो. या भाष्याचा नंतरचा टीकाकार उद्योतकर याला हा अर्थ पटला नाही. ‘अपरीक्षित’ म्हणजे सूत्रात न सांगितलेले, असे तो लावतो. मन हे इंद्रिय आहे असे न्यायसूत्रांत कोठे म्हटलेले नाही, तरी ते मानले जाते, हे त्याचे उदाहरण. या वाचनात अभ्युपगम तात्पुरता राहत नाही, तो शास्त्राचा न बोललेला भाग होतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील व्याख्या पाहता वात्स्यायनाची बाजू अधिक ग्राह्य वाटते. वैद्य वादाच्या वेळी असिद्ध, अपरीक्षित गोष्ट मान्य करतात, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे. वादाच्या वेळेपुरते, ही मर्यादा महत्त्वाची.

ही मर्यादा सुटली की काय होते, याचा बोलका दाखला सोलापूरच्या नावाच्या उपपत्तीत मिळतो. सोळा गावे मिळून वसले म्हणून सोलापूर, ही व्युत्पत्ती सर्वांच्या तोंडी आहे. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी अशी गावांची यादीही दिली जाते. तिचा पुरस्कार करणारे संख्यावाचक शब्दावर भिस्त ठेवतात. मराठीत ‘सोळा’ आणि नावात ‘ल’ हा आक्षेप तितकासा बळकट नाही. दखनीत ‘सोला’च म्हणतात. अडचण यादीतच आहे. तिच्यात सोनलगी, संदलपूर ही नावे आहेत आणि खुद्द सोलापूरही आहे. ज्या नावाचा उलगडा करायचा तेच सोळांपैकी एक असेल, तर ते सोळांच्या बेरजेतून कसे निघणार? न्यायशास्त्र अशा हेतूला (म्हणजे पुरावा म्हणून दिलेल्या कारणाला) ‘साध्यसम’ म्हणते : जे सिद्ध करायचे त्याच्याइतकाच हेतूही असिद्ध.

शिलालेखांचा पुरावा दुसरीकडे नेतो. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमाराच्या लेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे आढळते. यादवकाळापर्यंत ‘सोन्नलगी’ हे रूप टिकले. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके 1238 (इ. स. 1316 च्या सुमारास) च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ आहे. भुईकोट किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथल्या विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ अशी नावे आहेत. ‘सोनलपूर’मधील ‘न’ गळून ‘सोलापूर’ झाले असावे, हे मत अलीकडे बहुतेकांनी स्वीकारले असून येथेही तेच पसंत केले आहे. इंग्रजी अंमलात त्याचे ‘शोलापूर’ झाले.

कायद्यात गृहीतकाच्या पायऱ्या आखून दिलेल्या आहेत. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 नुसार काही गोष्टी न्यायालय गृहीत धरू शकत असे, काही उलट पुरावा येईपर्यंत धरावयासच हव्या होत्या, तर काहींविरुद्ध पुरावाच चालत नसे. त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही रचना कायम आहे. ज्यांना एखाद्याची खबर सहज कळली असती अशांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. वर्तमानपत्रांतील जमीनखरेदीच्या जाहीर नोटिशीत ‘मुदतीत हरकत न आल्यास कोणाची हरकत नाही असे समजण्यात येईल’ अशा धर्तीचे वाक्य असते. ‘समजण्यात’ हा शब्द वापरला असला तरी मुदत आणि अट दोन्ही जाहीर असल्यामुळे ते गृहीतकच ठरते.

शालेय भूमितीत प्रमेयातील दिलेल्या भागास ‘पक्ष’ व सिद्ध करावयाच्या भागास ‘साध्य’ म्हणतात. संशोधनप्रबंधांत ‘गृहीतके’ आणि ‘परिकल्पना’ यांची सरमिसळ वारंवार दिसते. परिकल्पना तपासण्यासाठी मांडतात, गृहीतक त्या तपासणीपुरते बाजूला ठेवलेले असते.