पार्श्वभूमी: रिबूटमागची करारपत्रं

1992 च्या डिसेंबरमध्ये, वर्ष संपायला जेमतेम तीन-चार दिवस उरले असताना, ‘द फँटास्टिक फोर’ या सिनेमाचं चित्रीकरण घाईघाईने सुरू झालं. बजेट सुमारे 10 लाख डॉलर, म्हणजे सुपरहिरोपटासाठी चणे-फुटाणेच. निर्मितीला कमी पैशांत सिनेमा उरकण्यात हातखंडा असलेले रॉजर कॉर्मन. घाईचं कारण कागदावर होतं: जर्मन निर्माते बर्न्ड आयशिंगर यांनी मार्व्हलकडून घेतलेल्या हक्कांची मुदत 31 डिसेंबरला संपत होती आणि तोवर काम सुरू झालं नाही तर हक्क हातचे जाणार होते. सिनेमा पूर्ण झाला आणि आजतागायत अधिकृतपणे प्रदर्शित झालेला नाही. हक्क मात्र टिकले. त्यांतूनच पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे 2005, 2007 आणि 2015 चे तीन सिनेमे निघाले.

हॉलिवूडकडे गोष्टी संपल्या, अशी ओरड नेहमीची आहे. पण कोणता रिमेक केव्हा येतो, हे बरेचदा लेखकाच्या टेबलावर ठरतच नाही. ते वकिलाकडच्या फायलीत ठरतं.

सुरुवातीला फाइलही नव्हती. एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ 1903 मध्ये गाजला आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या सिगमंड लुबिनने तो जवळपास दृश्यागणिक पुन्हा चित्रित करून त्याच नावाने विकायला काढला. 1907 मध्ये कॅलेम कंपनीने ‘बेन-हर’ कादंबरीवर कोणालाही न विचारता छोटा मूकपट काढला. प्रकाशक हार्पर कोर्टात गेले, 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि तिला 25 हजार डॉलर मोजावे लागले. तेव्हापासून गोष्टीचे सिनेमाहक्क ही विकत घ्यायची मालमत्ता झाली. एकदा पैसे मोजून घेतलेली मालमत्ता पडून कोण ठेवेल? ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीवर वॉर्नर ब्रदर्सने दहा वर्षांत तीन सिनेमे काढले. 1931 चा पहिला सिनेमा नव्या सेन्सॉर संहितेमुळे पुन्हा दाखवता येईना, म्हणून 1936 मध्ये नावं बदलून विनोदी अंगाने दुसरा काढला, तो पडला. 1941 मध्ये जॉन ह्यूस्टनने केलेला तिसरा आज अभिजात मानला जातो. रिमेक म्हणजे निकृष्टच, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आपल्याकडे रिमेक म्हणजे बहुधा भाषा बदलणं. ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तसं. हॉलिवूडही हे करतं. हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वरून निघालेल्या ‘द डिपार्टेड’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण तिथला मोठा धंदा स्वतःच्याच तिजोरीतलं जुनं पुन्हा बाहेर काढण्याचा. ‘रिबूट’ हा संगणकाचा शब्द. 1997 चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ आपटल्यावर 2005 मध्ये ‘बॅटमॅन बिगिन्स’ने आधीच्या चारही सिनेमांकडे पाठ फिरवून गोष्ट मुळापासून मांडली, आणि त्यानंतर हा शब्द सिनेमाच्या बातम्यांत रुळला.

मुदतीचं सर्वांत बोलकं उदाहरण स्पायडरमॅनचं. आर्थिक ओढाताणीच्या काळात मार्व्हलने आपली पात्रं वेगवेगळ्या स्टुडिओंना दिली. स्पायडरमॅन सोनीकडे गेला. हा हक्क कायमचा नव्हता. 2011 च्या सुधारित करारातलं कलम नंतर फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं: आधीचा सिनेमा लागल्यापासून 3 वर्षं 9 महिन्यांत पुढच्याचं काम सुरू व्हायला हवं आणि 5 वर्षं 9 महिन्यांत तो पडद्यावर यायला हवा, नाहीतर पात्र मार्व्हलकडे परत. असं घड्याळ डोक्यावर असलं की गोष्ट सुचेपर्यंत थांबता येत नाही. पहिल्या तीन सिनेमांचे दिग्दर्शक सॅम रेमी यांचा चौथा भाग जानेवारी 2010 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या नटासह नव्या मालिकेचं चित्रीकरण सुरूही झालं. यात आणखी एक सोय असते. चौथ्या भागापर्यंत मूळ नटांचं मानधन आभाळाला टेकतं. नव्या, कमी गाजलेल्या नटांकडून पुढच्या दोन-तीन भागांची सही सुरुवातीलाच, स्वस्तात घेता येते.

मग गेल्या पंधरा-वीस वर्षांतच हे एवढं का वाढलं? उदाहरणादाखल हिशेब मांडू. बजेट 20 कोटी डॉलर, जगभरच्या जाहिरातीला 10 कोटी. गल्ला अमेरिकेत 30 कोटी, बाहेर 20 कोटी. अमेरिकेतल्या थिएटरांकडून साधारण निम्मे, म्हणजे 15 कोटी येतात. बाहेरून 40 टक्के धरले तर 8. पन्नास कोटींचा ‘हिट’ सिनेमा थिएटरातून 7 कोटींच्या खड्ड्यात बाहेर पडतो. पूर्वी हा खड्डा डीव्हीडी भरून काढायची. 2008 नंतर तिची विक्री ढासळत गेली आणि मधल्या बजेटचे, नव्या गोष्टीचे सिनेमे पहिले गारद झाले. दुसरीकडे परदेशी बाजार वाढत होता. फेब्रुवारी 2012 च्या समझोत्याने चीनने गल्ल्यात वाटा मिळणाऱ्या परदेशी सिनेमांचा वार्षिक कोटा 20 वरून 34 केला आणि स्टुडिओचा वाटा 25 टक्क्यांवर नेला. वाढीव 14 जागा थ्रीडी आणि आयमॅक्सपटांसाठी. मोठ्या दृश्यांना आणि ओळखीच्या चेहऱ्याला याहून उघड आमंत्रण कोणतं? जाहिरातीतही ओळखीचं नाव निम्मं काम आधीच करून ठेवतं. 2019 मधले जगभर सर्वाधिक कमाई करणारे दहाही सिनेमे सीक्वेल, रिमेक किंवा आधी गाजलेल्या पात्रांवरचे होते.

ओळखीचं नाव विमा मात्र नाही. युनिव्हर्सलने 2017 मध्ये ‘द ममी’पासून आपल्या जुन्या राक्षसांचं सामायिक विश्व, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सिनेमांची मालिका, उभं करायचं ठरवलं, पुढच्या सिनेमांची घोषणा आधी आणि पहिल्या सिनेमाची परीक्षा नंतर, असा उलटा क्रम. पहिलाच कोसळला आणि विश्व तिथेच मिटलं.

आता घड्याळ उलट्या बाजूनेही चालू आहे. अमेरिकेच्या 1976 च्या कॉपीराइट कायद्यानुसार 1978 पासून लेखकाने दिलेले हक्क तो 35 वर्षांनी परत मागू शकतो. नोटीस किमान 2 आणि जास्तीत जास्त 10 वर्षं आधी द्यावी लागते. नोकर म्हणून लिहिलेल्या संहितेला ही सवलत नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे पटकथाकार व्हिक्टर मिलर 2021 मध्ये अपील न्यायालयात जिंकले ते याच मुद्द्यावर: ते स्वतंत्र लेखक ठरले. कायद्याच्या रूढ अर्थानुसार परत मिळतो तो फक्त अमेरिकेतला हक्क, परदेशातला स्टुडिओकडेच राहतो. शिवाय मुदतीआधी तयार झालेले सिनेमे स्टुडिओ पुढेही दाखवू शकतो, नवा मात्र काढू शकत नाही. म्हणजे 1991 मध्ये अशा करारावर विकलेल्या पटकथेसाठी 2026 हे वर्ष उजाडतं, आणि त्याआधी आणखी एक भाग उरकायचा की लेखकाशी नव्याने सौदा करायचा, एवढाच प्रश्न स्टुडिओपुढे उरतो.