भुकेचा दुष्काळ, शाईची नोंद : बंगाल १९४३ ते अंधेरीची खोली

१९४३ च्या पावसाळ्यात कलकत्त्याच्या घरांच्या दारात एक हाक ऐकू येऊ लागली. 'मा, फ्यान दाओ.' फ्यान म्हणजे भात वेळल्यावर उरणारी पेज. खेड्यांतून चालत आलेली ही माणसं भात मागतच नव्हती. भात कोणी देणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, म्हणून ओतून टाकायची पेज मागत होती. ज्यांनी वर्षानुवर्षं भात पिकवला, मासे धरले, कापड विणलं, ती माणसं पेजेसाठी दारोदार फिरत होती आणि फुटपाथवर मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

चित्रकलेने समाजाला जागं करता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे भाषणांत फार येतो आणि उत्तर बहुधा मोघम असतं. मला त्याचं सर्वांत ठोस उत्तर बंगालच्या या दुष्काळात सापडतं, कारण इथे चित्रांना करायचं काम अगदी नेमकं होतं. जे घडत होतं त्याला सरकार दुष्काळ म्हणायलाच तयार नव्हतं.

हा दुष्काळ पाऊस न पडल्यामुळे आला नव्हता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालात उतरलं तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा होड्या जप्त केल्या किंवा मोडून टाकल्या. नदीनाल्यांच्या मुलखात होडी गेली की कोळ्याची मासेमारी जाते, कुंभाराचा बाजार जातो, पलीकडच्या काठावरचं शेतही जातं. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं आणि उभं पीक खाऱ्या पाण्याखाली गेलं. पुढे साठेबाजी, युद्धाची महागाई, आणि कलकत्त्यातल्या कारखान्यांना व लष्कराला आधी धान्य पुरवण्याचं धोरण. खेड्यातल्या मजुराच्या आवाक्यातून तांदूळ पार निघून गेला. कायद्यानुसार दुष्काळ जाहीर केला असता तर मदत देणं सरकारला बंधनकारक ठरलं असतं. तो अखेरपर्यंत जाहीर झाला नाही. वृत्तपत्रांवर युद्धकाळाची बंधनं होतीच. २२ ऑगस्ट १९४३ ला 'द स्टेट्समन'ने कलकत्त्यातल्या भुकेल्यांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे ही गोष्ट जगासमोर आली. पण ती शहरातली होती. माणसं जिथून निघाली होती त्या खेड्यांत काय चाललंय, हे अजून कोणी नीट दाखवलं नव्हतं.

तिथे चित्तप्रसाद गेले.

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ चा, नैहाटीचा. वाढले चितगावात. आडनाव भट्टाचार्य, पण जात सांगणारं म्हणून त्यांनी ते टाकून दिलं आणि आयुष्यभर नुसतं 'चित्तप्रसाद' असंच लिहिलं. चित्रकलेचं शिक्षण कुठल्याही शाळेत झालेलं नाही. चितगावात ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले, फॅसिझमविरोधी भित्तिपत्रं रंगवू लागले. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांना चित्रांची आणि छायाचित्रांची ताकद फार लवकर कळली होती. त्यांनी सुनील जाना या तरुणाच्या हाती कॅमेरा ठेवून त्याला दुष्काळी भागात नेलं, आणि चित्तप्रसादांना शाई-कागद देऊन खेड्यांत पाठवलं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा जिल्हा साधा नव्हता. 'छोडो भारत' चळवळीत तामलुकला लोकांनी स्वतःचं समांतर सरकार उभं केलं होतं, 'जातीय सरकार' नावाचं. बंगालीत 'जातीय' म्हणजे राष्ट्रीय. आपल्या कानाला तो शब्द वेगळाच लागतो. आपल्याकडे साताऱ्यात प्रतिसरकार होतं, तसंच तिकडे हे. त्याची किंमत लोकांनी दडपशाहीच्या रूपाने मोजली होती, वर वादळ, वर भूक. आणि चित्तप्रसादांचा पक्ष त्या काळात युद्धाला पाठिंबा देत होता आणि 'छोडो भारत'च्या विरोधात होता. म्हणजे रेखाटनवही घेऊन फिरणारा हा माणूस ज्यांच्या अंगणात बसत होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात त्याच्या पक्षाविषयी राग असणार. ही अडचण लपवून त्या चित्रांविषयी बोलणं मला बरोबर वाटत नाही. ती चित्रं मोठी आहेत ती याच्यासह. पक्षाचं धोरण काय होतं ते त्या कागदांवर फारसं दिसत नाही. तिथे दिसतं ते समोरचं माणूस.

या दौऱ्यातून 'हंग्री बेंगाल' ही पुस्तिका झाली. शाईची काळी, जाड, घाई असूनही नेमकी रेखाटनं, आणि सोबत त्यांनीच लिहिलेला प्रवासाचा वृत्तान्त. ही चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हाडं आणि रिकामे डोळे पाहायची मनाची तयारी करूनच बसले होते. ते होतंच. पण मला थांबवलं ते चित्रांखालच्या ओळींनी. चित्रातल्या माणसाचं नाव, गाव, धंदा. एका चित्रात माणूस मेलेला आहे, आणि खाली पहिलीच गोष्ट लिहिली आहे ती 'त्याचं नाव अमुक होतं' ही. सरकारी कागदांत जी माणसं 'बेवारस' किंवा 'निराश्रित' म्हणून मोजली जात होती, त्यांची इथे ओळख करून दिली जात होती. हा कोळी, हा विणकर, ही अमक्या गावची. नाव कळलं की बघणाऱ्याला 'बिचारे' म्हणून पुढे सरकता येत नाही. मग पुढचा प्रश्न आपसूक येतो: याची होडी कोणी नेली?

दया आणि जाणीव यांतला फरक मला या ओळींनी शिकवला. दयेला चेहरा पुरतो. जाणिवेला पत्ता लागतो.

ही शैली आभाळातून पडली नव्हती. जर्मनीत केथे कोलविट्झने विणकरांच्या बंडावरची मुद्राचित्रांची मालिका १८९७ मध्ये पूर्ण केली होती. पहिल्या महायुद्धात पहिल्याच वर्षी तिचा धाकटा मुलगा मारला गेला आणि पुढची सारी वर्षं ती शोक करणाऱ्या, पोरांना कवेत घेऊन उभ्या राहणाऱ्या आया काढत राहिली. चीनमध्ये लू शुन या लेखकाने १९३१ मध्ये शांघायला काष्ठठशांची, म्हणजे लाकडावर कोरून छापायच्या चित्रांची, कार्यशाळा भरवली आणि कोलविट्झची चित्रं तरुण चित्रकारांना दाखवली. त्यातून चिनी काष्ठठशांची एक चळवळच उभी राहिली: स्वस्त, काळीपांढरी, हजारो प्रती निघणारी. ती चित्रं बंगालमधल्या डाव्या तरुणांपर्यंत पोचली. जर्मन विणकर, चिनी शेतकरी आणि बंगाली कोळी यांच्यात शाईचा असा धागा आहे.

त्याच वेळी कलकत्त्यात झैनुल आबेदिन फुटपाथवर चित्रं काढत होते. ते कलकत्त्याच्या आर्ट स्कूलमध्ये शिकवत. युद्धामुळे चांगला कागद मिळत नव्हता, म्हणून बांधाबांधीच्या हलक्या कागदावर काळ्या शाईने, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने त्यांनी काम केलं. त्या चित्रांत कावळे आणि कुत्री माणसांइतकीच जवळ बसलेली असतात. नावं नाहीत, पार्श्वभूमी नाही, नुसता पिवळट कागद. चित्तप्रसादांपेक्षा हा रस्ता वेगळा, पण दोघांनीही दिवाणखान्यात टांगायचं चित्र काढायचं नाकारलं.

आता मुंबईकडे येते, कारण ही गोष्ट मुंबईशिवाय पुरी होत नाही. पक्षाची मध्यवर्ती कचेरी सँडहर्स्ट रोडला होती. 'पीपल्स वॉर' हे पत्र तिथून निघे आणि त्याचं मराठी भावंडही होतं, 'लोकयुद्ध'. बंगालची रेखाटनं आणि छायाचित्रं मुंबईत छापली गेली आणि गिरणगावापर्यंत गेली. मे १९४३ मध्ये मुंबईतच 'इप्टा' (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) ही नाट्यसंस्था स्थापन झाली. नगारा वाजवणाऱ्या माणसाचं तिचं बोधचिन्ह चित्तप्रसादांनी काढलेलं. बंगालहून कलापथकं आली, गाणी म्हणून दुष्काळग्रस्तांसाठी पैसे गोळा करत फिरली. आणि अण्णा भाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. स्वतः दुष्काळी वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या शाहिराला ती हाक किती जवळून ऐकू आली असेल! डफाच्या तालावर बंगालची भूक परळ-लालबागच्या कामगारांना सांगितली गेली. चित्र एका ठिकाणी पाहिलं, पोवाडा दुसऱ्या ठिकाणी ऐकला, आणि पगारातून दोन आणे काढून दिले, अशी ही साखळी होती. चित्र एकटं क्रांती करत नाही. ते हातातून हातात जावं लागतं.

सरकारला याची ताकद कळली होती हे एका गोष्टीवरून दिसतं. 'हंग्री बेंगाल'च्या ५,००० प्रती काढल्या होत्या. त्या जप्त करून नष्ट केल्या गेल्या.

इथपर्यंत जाणीव झाली. आशा कुठे आहे?

ती शोधायला सोमनाथ होरांकडे जावं लागतं. चितगावचा हा तरुण १९२१ चा. चित्तप्रसादांनी त्याला हाताला धरून रस्त्यावर नेलं, भुकेली माणसं समोर बसून काढायला शिकवलं. तीन वर्षांनी, १९४६ च्या डिसेंबरात, होर उत्तर बंगालातल्या रंगपूरला गेले. तिथे तेभागा चळवळ पेटली होती. बटाईने जमीन कसणारे शेतकरी म्हणत होते, पिकाचे तीन वाटे करा. दोन आमचे, एक जमीनदाराचा. होरांनी तिथे रोजनिशी लिहिली आणि चित्रं काढली: रात्रीच्या सभा, कंदिलाभोवतीचे चेहरे, आपल्याच खळ्यावर भात नेणारी माणसं. होरांच्याच १९४३ च्या चित्रांत जो शेतकरी जमिनीवर पडलेला आहे, तोच या चित्रांत उभा आहे, वाकून पीक कापतो आहे, सभेत बोलतो आहे. चित्रकार बदललेला नाही, शाईही तीच आहे. बदल समोर झाला होता आणि चित्रकार तिथे हजर होता. चित्रातली आशा मला याहून वेगळी कल्पिता येत नाही. कोपऱ्यात उगवता सूर्य काढून ती येत नसते.

होरांना मात्र दुष्काळ सोडून गेला नाही. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी 'जखमा' ही मालिका केली. कागदाच्या लगद्यावर पांढऱ्यावर पांढरं, रंग नाही, रेषा नाही, फक्त कागदाच्या अंगावरचे चिरे आणि व्रण.

चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईला आले ते इथलेच झाले. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड त्यांनी चित्रांत पकडलं. १९४० चं दशक संपता संपता पक्षापासून ते दुरावले, आणि अंधेरीतल्या एका खोलीत एकटे राहून काम करत राहिले. पैसा नव्हता. चित्रं विकण्याच्या बाजारात ते कधी उतरले नाहीत. आता त्यांचं मुख्य माध्यम लिनोकट झालं. जमिनीवर घालायच्या लिनोलियमचा तुकडा, कोरणी, शाई. यात सगळा ठसा आधी काळा धरायचा आणि कोरणीने उजेड काढत जायचं. जे कोरलं तेच पांढरं उमटतं. भरपूर प्रती निघतात, म्हणून चित्र स्वस्तात देता येतं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी काम करणाऱ्या, फुटपाथवर झोपणाऱ्या, धाकट्या भावंडांना कडेवर वागवणाऱ्या मुलांची एक मालिका केली. तिचं नाव 'परीकथा नसलेले देवदूत' अशा अर्थाचं आहे. १९६९ मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती छापली. या मुलांकडे पाहताना रडू येत नाही, कारण ती आपल्याकडे बघतच नाहीत. आपापल्या कामात गढलेली आहेत. आणि मग हाच चित्रकार त्या मुलांना परीकथा द्यायला निघाला. एका चेक मित्राकडून तो कळसूत्री बाहुल्यांचं तंत्र शिकला, टाकाऊ वस्तूंपासून स्वतः बाहुल्या केल्या, आणि 'खेलाघर' नावाचं बाहुल्यांचं छोटं थिएटर काढून आजूबाजूच्या गरीब मुलांना खेळ दाखवू लागला. मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, त्यांची चित्रं कोरली. काही टीकाकार याला माघार समजतात. मला ते पटत नाही. मेदिनीपुरात ज्याने मेलेल्यांची नावं लिहून ठेवली, त्याला जिवंत पोरांच्या हसण्याची किंमत इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणार.

झैनुल आबेदिनांनीही १९४८ मध्ये ढाक्याला कलासंस्था उभी केली. १९७० मध्ये त्यांनी ६५ फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर 'नवान्न' हे चित्र काढलं. नवान्न म्हणजे नव्या पिकाच्या भाताचा सण. सत्तावीस वर्षांपूर्वी पेजेसाठी रांगत आलेल्यांची चित्रं काढणारा हात त्याच काळ्या शाईने भरल्या कोठारांचं गाव काढत होता, आणि ते गाव कसं लुटलं गेलं तेही.

चित्तप्रसाद १९७८ मध्ये कलकत्त्यात वारले. 'हंग्री बेंगाल'ची एक प्रत त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली होती, बँकेच्या लॉकरमध्ये. सोनंनाणं ठेवायच्या जागी. २०११ मध्ये त्या एका प्रतीवरून पुस्तिका हुबेहूब पुन्हा छापली गेली, आणि ती नावं, ती गावं, ते धंदे आज कोणालाही वाचता येतात.