‘हक्क वाचून दाखवले नाहीत, म्हणून सुटला’: खरं काय?

अमेरिकेत पोलिसांनी बेड्या घालताना ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ असं म्हटलं नाही, तर आरोपी सुटतो, असं अनेकांना वाटतं. हा सगळा सिनेमांचा प्रताप. ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या अर्नेस्टो मिरांडाचंच पाहा. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली खरी, पण १९६७ मध्ये हक्क न सांगता घेतलेला त्याचा कबुलीजबाब वगळून पुन्हा खटला चालला आणि मिरांडा पुन्हा दोषी ठरला.

म्हणजे बाद होतो तो जबाब, खटला नव्हे. शिवाय हे हक्क अटक करताना नव्हे, तर ताब्यातल्या माणसाची चौकशी सुरू करण्यापूर्वी सांगायचे असतात. काही विचारायचंच नसेल, तर न सांगताही चालतं.

यात अपील न्यायालयांचाही पाय घसरला आहे. १९९९ मध्ये चौथ्या सर्किटने (म्हणजे एका विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने) म्हटलं की संसदेच्या १९६८ च्या कायद्यानुसार जबाब स्वखुशीचा असला की पुरे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते फिरवलं: नियमाचा आधार संविधान आहे, संसद तो मोडीत काढू शकत नाही. नवव्या सर्किटने मात्र दुसरं टोक गाठलं. हक्क न सांगणाऱ्या पोलिसावर भरपाईचा दावा त्याने चालू दिला. २०२२ मध्ये तोही निकाल ६ विरुद्ध ३ ने उलटला.