बॉनेटखालचा एक इंच

1965-66 च्या व्ही-8 (आठ सिलिंडरांच्या) फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की इंजिनावर सगळ्यात उंच दिसतं ते एअर फिल्टरचं झाकण. त्याखाली हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि कार्ब्युरेटरखाली इनटेक मॅनिफोल्ड. हवा-पेट्रोलचं मिश्रण आठ सिलिंडरांना वाटणारं हे धातूचं ओतकाम बरेच जण हॉर्सपॉवरचा आकडा पाहून विकत घेतात, आणि बॉनेट बसेना झालं की मग मोजायची टेप शोधतात. टेप आधी लागते.

उंच मॅनिफोल्ड मुळात बनवतात कशाला? पेट्रोलचे थेंब हवेपेक्षा जड असतात. वळणावर हवा वळते, पण थेंब सरळ जाऊन भिंतीला चिकटतात. बसक्या मॅनिफोल्डमध्ये मिश्रणाला कार्ब्युरेटरमधून खाली येऊन लगेच आडवं वळावं लागतं. त्यामुळे एका सिलिंडरला पेट्रोल जास्त मिळतं, दुसऱ्याला कमी. कार्ब्युरेटर वर उचलला की वाट सरळ होते आणि जास्त वेगात इंजिनाचा श्वास मोकळा होतो. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये 289 घनइंची इंजिनावर असंच उंच अॅल्युमिनियम मॅनिफोल्ड आणि 715 सीएफएमचा (मिनिटाला तितके घनफूट हवा सोडणारा) हॉली कार्ब्युरेटर होता. 271 हॉर्सपॉवरचं इंजिन 306 वर गेलं त्यात या जोडीचा मोठा वाटा होता.

पण रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ 2000 ते 4000 आरपीएममध्ये (मिनिटाला इंजिनाचे फेरे) चालते. तिथे हवं ते ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड. त्यात आतली जागा दोन भागांत विभागलेली असते आणि प्रत्येक भाग चार सिलिंडरांना पुरवतो. एका भागावर ओढ इंजिनाच्या फेऱ्यात दर 90 ऐवजी 180 अंशांनी येते, म्हणून शेजाऱ्यांची ओढाताण कमी होते आणि कमी वेगातही जोर मिळतो. सिंगल-प्लेनमध्ये सगळ्यांना मिळून एकच मोकळी जागा असते. ते शर्यतीच्या इंजिनाला शोभतं. एडलब्रॉक कंपनीचं बसकं परफॉर्मर आयडलपासून (पेडल न दाबता इंजिन चालतं त्या वेगापासून) 5500 आरपीएमपर्यंतचं आहे, तर उंच परफॉर्मर आरपीएम 1500 ते 6500 चं. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) मूळचाच असेल, तर वरचे हजार आरपीएम वापरलेच जात नाहीत. अशा गाडीसाठी उंचीचा हट्ट सोडावा.

जुनं मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच माप घ्या, त्यासाठी कणकेचे गोळे पुरतात. एअर फिल्टरच्या मधल्या नटावर आणि झाकणाच्या कडेवर चार ठिकाणी गोळे ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद टाका, बॉनेट हळूच पूर्ण बंद करून उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. कडा विसरू नका, कारण बॉनेटच्या आतल्या पट्ट्या मधल्या पत्र्यापेक्षा खाली असतात. मॅनिफोल्डची उंची कंपन्या पुढची आणि मागची अशी वेगळी देतात. इंजिन मागे किंचित कललेलं असतं आणि कार्ब्युरेटर सपाट बसावा म्हणून मागची बाजू उंच ओततात. दोन्हींची सरासरी काढा, जुन्या मॅनिफोल्डची सरासरी त्यातून वजा करा. हा फरक आणि नवा स्पेसर (कार्ब्युरेटरखाली ठेवायचा जाड तुकडा), दोन्हींची उंची मोजलेल्या जागेतून कमी करा. उरलेली जागा किमान पाऊण इंच हवी, एक इंच असेल तर उत्तम. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन रबरी माउंटवर डोलतं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. गाडी उभी असताना बसलेलं झाकण चालताना बॉनेटला ठोकर मारतं ते यामुळेच.

289 काढून फोर्डचंच मोठं 351 विंडसर इंजिन बसवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. त्याच्या ब्लॉकची डेक उंची (क्रँकशाफ्टच्या मध्यापासून हेड बसतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) सुमारे 8.2 ऐवजी 9.5 इंच आहे. सिलिंडर 45 अंशांत कललेले असल्यामुळे हेड (सिलिंडरांवर बसणारे वरचे भाग) जवळजवळ 0.9 इंच वर जातात आणि तेवढेच दोन्ही बाजूंना बाहेरही. म्हणून 289 चं मॅनिफोल्ड त्यावर बसतच नाही, रुंद मॅनिफोल्ड लागतं आणि बॉनेटखालचा इंच मॅनिफोल्ड निवडण्याआधीच संपलेला असतो.

जागा कमी पडली की पहिला मोह फिल्टर पातळ करण्याचा होतो. 14 इंच व्यासाच्या फिल्टरची उंची 3 वरून 2 इंच केली, तर घेरातलं क्षेत्रफळ 132 वरून 88 चौरस इंचांवर येतं. शिवाय झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाला फार जवळ आलं की हवा अडते आणि फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) हवानळ्या झाकल्या जाऊन मिश्रण बिघडतं. त्यापेक्षा खोल तळाचं एअर क्लीनर बरं. मात्र या फोर्ड इंजिनांत डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) पुढे असतो, तेव्हा तळ त्याच्या टोपीला किंवा चोकला घासत नाही ना, हे पाहावं. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक स्पेसर काढून उंची वाचवू नये. तो गेला की गरम इंजिनावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते.

बसवताना पुढच्या-मागच्या टोकांना कॉर्कच्या पट्ट्यांऐवजी सिलिकॉन सीलंटची जाड रेघ ओढा, चारही कोपऱ्यांत थोडं जास्त. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. हेड पूर्वी घासून घेतलेले असतील, तर मॅनिफोल्डचा कोन जुळत नाही. वरून सगळं बंद दिसतं, पण खालच्या फटीतून इंजिन आतलं तेल ओढत राहतं. प्लग तेलकट होतात, निळा धूर येतो आणि दोष उगाच पिस्टन रिंगांवर जातो. कार्ब्युरेटर वर गेल्याने थ्रॉटलच्या सळईचा आणि ऑटोमॅटिक गिअरच्या किकडाउनचा (पेडल पूर्ण दाबल्यावर गिअर खाली आणणाऱ्या सळईचा) कोनही बदलतो. इंजिन सुरू करण्याआधी एकाने पेडल पूर्ण दाबून सोडावं आणि दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडून पुन्हा पूर्ण मिटतो का, हे डोळ्यांनी पाहावं. ही तपासणी एअर क्लीनर बसवून पुन्हा करावी, कारण नवा खोल तळ नेमका त्याच सळईला अडकू शकतो.