माशाच्या प्रथिनांचे तुकडे आणि आतड्याची राखण

मासा खाल्ला की त्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि ती रक्तात शोषली जातात, एवढे शाळेत शिकलेले असते. त्यात मधला टप्पा राहून जातो. जठरातले पेप्सिन आणि लहान आतड्यातले ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम प्रथिनाची लांब साखळी तोडतात, तेव्हा आधी दोनपासून वीसेक अमिनो आम्लांपर्यंतचे तुकडे निघतात. हेच पेप्टाइड. त्यातले काही लगेच फुटत नाहीत, आणि तेवढ्या अवधीत आतड्याच्या अस्तराशी त्यांची गाठ पडते.

हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते आणि ३ ते ५ दिवसांत नव्याने तयार होते. त्याच्यावर श्लेष्माचा थर, शेजारच्या पेशींना जोडणारे क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांचे घट्ट सांधे, आणि खाली रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती. याच पेशी रोज काही ग्रॅम आयजीए प्रतिपिंडे आतड्याच्या पोकळीत सोडतात. सांधे सैल पडले की जिवाणूंचे अवशेष खाली झिरपतात आणि दाह सुरू होतो.

दोन-तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड पेप्ट-१ नावाच्या वाहकातून पेशीत शिरते. मोठ्या तुकड्यांपैकी काही पेशीच्या बाहेरूनच परिणाम करतात, तर काही पेयर पट्ट्यांवरच्या (आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांवरच्या) एम पेशींमधून, म्हणजे आतड्यातले कण आत घेणाऱ्या पेशींमधून, खालच्या प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचू शकतात. पेशीच्या आत एनएफ-कॅपा-बी हा दाहाचा कळीचा प्रथिनसमूह असतो. प्रयोगशाळेत माशांची काही पेप्टाइड त्याला आवर घालताना दिसतात. मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखे दाहाचे संदेश कमी होतात.

माशाची त्वचा, खवले आणि काटे यांत कोलॅजेन भरपूर असते. त्याच्या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन, आणि प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन यांचीही रेलचेल. प्रोलिनच्या कड्यामुळे साखळी अशी वळते की एन्झाइमला तिथे कापता येत नाही. म्हणून प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन ही जोडी पचनातून वाचते आणि कोलॅजेनचे विघटित (एन्झाइमने आधीच तोडलेले) प्रथिन खाल्ल्यावर माणसाच्या रक्तातही सापडते. मात्र गव्हाच्या ग्लुटेनमधला सीलिअॅक रोगाला कारण ठरणारा तुकडाही प्रोलिनमुळेच पचत नाही. तेव्हा पचनातून वाचला म्हणून तो तुकडा गुणकारी, असा हिशेब मांडू नये.

माणसात आतड्याची गळती मोजायची एक साधी रीत आहे. लॅक्टुलोज आणि ऱ्हॅम्नोज या दोन शर्करा पाण्यातून पाजतात आणि पुढचे काही तास लघवी जमवतात. ऱ्हॅम्नोजचा रेणू लहान, तो निरोगी अस्तरातूनही थोडा जातो. लॅक्टुलोज मोठा, तो मुख्यतः सैल सांध्यांतूनच निसटतो. त्यांचे गुणोत्तर वाढले की गळती वाढली. इंडोमेथासिन हे वेदनाशामक घेतल्यावर ही वाढ दिसते. निरोगी स्वयंसेवकांच्या एका छोट्या चाचणीत सोबत माशाचे विघटित प्रथिन दिल्यावर ती कमी झाली. उंदरांमध्ये आंबवलेल्या माशाच्या प्रथिनाने लहान आतड्यातल्या आयजीए बनवणाऱ्या पेशी वाढल्या. दिशा आशादायक आहे, पण एवढ्यावर आतड्याच्या दाहरोगाचे औषध बंद करून अशा विघटित प्रथिनाची पावडर सुरू करणे धोक्याचे.

पावडर बनवतात ती अशी: कीस केलेले मासे किंवा त्वचा पाण्यात मिसळून ५० ते ६० अंश सेल्सिअसवर ठेवतात, पीएच ८ च्या आसपास आणतात आणि अल्कलेजसारखे प्रथिन तोडणारे एन्झाइम घालतात. बंध तुटत जातात तसा पीएच उतरतो, म्हणून अल्कली थेंबाथेंबाने सोडावी लागते. किती अल्कली लागली यावरूनच किती बंध तुटले ते कळते. शेवटी ९० अंशांच्या आसपास १० ते १५ मिनिटे तापवून एन्झाइम निकामी करतात. एन्झाइम जास्त वेळ चालू दिले तर हवे ते तुकडेही फुटतात. तुकड्यांची जलद्वेषी (पाण्यात न मिसळणारी) टोके उघडी पडली की चव कडू होते. तेल नीट काढले नाही तर पावडर खवट होते. बांगडा, टूना यांसारखे मासे थंड न ठेवता पडून राहिले तर जिवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून अॅलर्जीसारखा त्रास देणारे हिस्टामिन बनवतात, आणि ते नंतरच्या उष्णतेने जात नाही.

संशोधनातल्या चुका याहून फसव्या. नमुन्यात जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचा (त्यांच्या आवरणातल्या विषारी द्रव्याचा) अंश राहिला तर प्रतिकारपेशी त्यानेच चेततात आणि श्रेय पेप्टाइडला जाते. काही प्रयोगांत न पचवलेले पेप्टाइड थेट पेशींवर ओततात, तेही आतड्यात कधी साठणार नाही एवढ्या मात्रेत. आधी इन्फोजेस्ट या कृत्रिम पचनाच्या प्रमाणित पद्धतीने २ तास पीएच ३ वर पेप्सिन, मग २ तास पीएच ७ वर स्वादुपिंडाची एन्झाइम आणि पित्त, असे पचन करून जे उरेल तेच तपासायला हवे.

पावडरच्या पाकिटावर ‘१ किलोडाल्टनपेक्षा लहान’ (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) असे लिहिले असेल तर ते तुकडे साधारण नऊ अमिनो आम्लांपर्यंतचे. नुसतेच ‘विघटित प्रथिन’ असेल, तर त्यात मोठे तुकडेही असू शकतात. माशाची अॅलर्जी बहुधा पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनामुळे आणि कोळंबी-खेकड्यांची ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. दोन्ही उष्णतेला दाद देत नाहीत, आणि विघटनानंतर उरलेला तुकडाही अॅलर्जी चेतवू शकतो. अशा व्यक्तीने तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय ही पावडर घेऊ नये.